जायंट गोरामी घरी पाळताना: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जायंट गोरामी या मोठ्या होणाऱ्या गोड्या पाण्यातल्या माशाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. वेगळं मोजमाप दिलेलं नसेल तिथे आकडे ६ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि २ फूट उंच, म्हणजे सुमारे ८५० लिटरच्या टाकीसाठी आहेत. तुमची टाकी लहानमोठी असेल तर त्या प्रमाणात हिशेब करा.

१. दुकानातलं पिल्लू दोन-तीन इंचाचं आहे. मासा खरंच किती मोठा होतो?

नीट सांभाळला तर घरच्या टाकीत दीड फूट. निसर्गात ७० सेंटिमीटरपर्यंतची नोंद आहे. चांगल्या खाण्यावर पिल्लू पहिल्या वर्षात सात-आठ इंच होतं आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी फुटाच्या आसपास जातं. पुढे लांबी हळू वाढते, पण अंग भरत राहतं. दीड फुटी मासा दोन-अडीच किलोचा सहज असतो. आयुष्य १५ ते २० वर्षं. आज पहिलीतल्या मुलाच्या हट्टापायी घेतलेला मासा तो मुलगा नोकरीला लागेपर्यंत घरात असू शकतो.

"मासा टाकीच्या मापानेच वाढतो" हे दुकानात हमखास ऐकायला मिळतं. लहान टाकीत वाढ खुंटते हे खरं, पण ती खराब पाण्याने आणि हालचालीला जागा नसल्याने खुंटते. कणा वाकतो, पर झिजतात आणि मासा लवकर जातो. त्याला मापात वाढणं म्हणत नाहीत.

२. दुकानदार म्हणतो तो जायंट गोरामीच आहे हे कसं ओळखायचं?

गोरामी हे बऱ्याच माशांचं आडनाव आहे. पर्ल गोरामी ४-५ इंचांवर थांबतो, ब्लू गोरामी सहा इंचांवर, किसिंग गोरामी फुटापर्यंत जातो. आपल्याकडच्या नद्या-तळ्यांत सापडणाऱ्या चार-पाच इंची पट्टेरी गोरामीलाही जुन्या याद्यांत "जायंट" म्हटलेलं दिसतं. या पानावर बोलणं आहे ते आग्नेय आशियातल्या ऑस्फ्रोनेमस गोरामीबद्दल.

त्याच्या पिल्लाचं तोंड टोकदार असतं, अंगावर आठ-दहा उभे गडद पट्टे आणि शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका असतो. पोटाखाली दोन लांब, दोऱ्यासारखे पर लोंबतात. मोठेपणी पट्टे पुसट होतात, खालचा जबडा पुढे येतो आणि कपाळ फुगतं, तेव्हा हाच तो मासा यावर विश्वास बसत नाही. पांढरा-गुलाबी "अल्बिनो" याच जातीचा. "रेड टेल" म्हणून महाग विकला जातो ती मात्र वेगळी जात आहे, १९९२ साली शास्त्रीय नोंद झालेली. सांभाळायची पद्धत दोन्हींची सारखीच.

३. मासा सारखा वर येऊन हवा घेतो. ऑक्सिजन कमी पडतोय का?

नाही, तो त्याचा स्वभाव आहे. कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचा एक अवयव असतो, त्याला लॅबिरिंथ म्हणतात. त्यातून तो थेट हवेतला ऑक्सिजन घेतो. पाच-दहा मिनिटांतून एकदा शांतपणे वर येऊन घोट घेणं ठीक. दर मिनिटाला वर धावणं, कल्ले जोरात उघडझाप करणं किंवा पृष्ठभागाशीच तरंगत राहणं ही मात्र पाणी बिघडल्याची खूण.

या माशाबाबतीतली बहुतेक फसवणूक इथेच होते. ज्या पाण्यात गोल्डफिश दोन दिवसांत उलटा झाला असता, त्यात गोरामी महिनोन्महिने जगतो, आणि मालक समजतो की सगळं छान चाललंय. पण श्वास हवेतून घेतला तरी माशाच्या घाणीतून पाण्यात येणारा अमोनिया कल्ल्यांना आणि कातडीला जाळतोच. मासा "धडधाकट" आहे म्हणून पाणी तपासायचं सोडू नका. अमोनिया आणि त्यापासून बनणारे नायट्राइट आणि नायट्रेट मोजणारे थेंबांचे टेस्ट किट घरात असायलाच हवे.

४. टाकी किती मोठी लागेल? माझ्याकडे ४ फुटी आहे.

४ × १.५ × १.५ फूट म्हणजे २५५ लिटर. त्यात पिल्लू सात-आठ इंचांचं होईपर्यंत, म्हणजे फार तर वर्षभर, राहू शकतं. कायमची टाकी कमीत कमी ६ × २.५ × २ फुटांची हवी. जागा आणि पैसा असेल तर ८ × ३ × २.५ फूट, म्हणजे १,७०० लिटर.

लांबीपेक्षा रुंदीकडे बघा. दीड फुटी माशाला वळायला दीड फूट रुंद टाकी पुरत नाही, तो काचेला घासत वळतो. सहा फूट लांब पण दीड फूट रुंद अशी "शोकेस" टाकी हॉलमध्ये देखणी दिसते, पण या माशाला ती निरुपयोगी.

दोन फूट उंचीला १२ मिलिमीटर काच, वर आणि खाली काचेच्या पट्ट्यांचा आधार. टाकीखाली अर्धा इंच थर्माकोल हवाच, कारण स्टँडचा एखादा बारीक उंचवटा तळाची काच तडकवतो. झाकण जड किंवा अडकवता येणारं असू द्या. मोठा गोरामी दचकला की उसळतो आणि सैल काच बाजूला फेकतो. पाणी आणि झाकण यांत चार-पाच इंच मोकळी हवा सोडा. त्याला श्वासासाठी ती लागते.

५. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. स्लॅब झेपेल?

हिशेब करा. पाणी ८५० किलो, काच सुमारे १४०, स्टँड ८०, खालचं सम्प (टाकीखाली ठेवायची फिल्टरची दुसरी टाकी) भरलेलं २००. एकूण पावणेतेराशे किलो, आणि तेही जेमतेम १.४ चौरस मीटरवर. राहत्या खोल्यांच्या जमिनीसाठी भारतीय मानकात (आयएस ८७५) प्रति चौरस मीटर २०० किलोच्या आसपास भार धरलेला असतो. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही, कारण भार आजूबाजूलाही वाटला जातो. पण खोलीच्या मधोमध टाकी ठेवणं चूक. ती बीमवर किंवा बीमला लागून, भिंतीशी ठेवा. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तळमजला मिळत असेल तर प्रश्नच मिटला.

टाकी ईशान्येला ठेवू का, असंही बरेच जण विचारतात. आधी बीम कुठे आहे ते बघा, मग पश्चिमेच्या खिडकीचं ऊन टाळा. त्यानंतर ईशान्य उरत असेल तर खुशाल ठेवा.

६. फिल्टर कोणता लावू?

सम्प. गोरामी खूप खातो आणि तितकंच बाहेर टाकतो. टाकीत लटकवायचे छोटे फिल्टर आठवड्यात चोंदतात. सम्प टाकीच्या २० टक्के, म्हणजे १७० लिटरचं असावं. पंप तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरवणारा, म्हणजे साडेतीन ते चार हजार लिटरचा घ्या. उंचीमुळे प्रवाह घटतो, म्हणून डब्यावरचा आकडा थोडा जास्तच हवा. पाणी आधी स्पंजमधून, मग बायो मीडियातून (उपयोगी जिवाणू वसवायचे सच्छिद्र तुकडे) जाऊ द्या. स्पंज दर आठवड्याला धुवा, पण टाकीतून काढलेल्याच पाण्यात. नळाखाली धुतला तर क्लोरीनने उपयोगी जिवाणू मरतात.

पंप बंद पडला की वरचं थोडं पाणी खाली येतं. सम्प काठोकाठ भरलेलं असेल तर ते फरशीवर येणार. सुरुवातीलाच प्लग काढून बघा. सम्पमधलं पाणी जिथे थांबेल तिथून वर काठापर्यंत दोन इंच जागा उरायला हवी.

७. टाकी भरली, पाणी स्वच्छ दिसतंय. मासा उद्या आणू का?

नको. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. मासा न टाकता हे करायचं असेल तर रसायनांच्या दुकानातून शुद्ध नवसागर (अमोनियम क्लोराइड) आणा. ८५० लिटरला ५ ग्रॅम टाकलं की अमोनिया लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होतो. तो उतरला की पुन्हा तितकाच टाका. टाकल्यापासून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला लागले की फिल्टर तयार. मग अर्ध्याहून जास्त पाणी बदला आणि मासा आणा. ओळखीच्या कुणाच्या चालू टाकीतला मळका स्पंज मिळाला तर हाच काळ दोन आठवड्यांवर येतो.

८. महापालिकेचं नळाचं पाणी चालतं का? बोअरचं?

दोन्ही चालतं, पण तयारी वेगवेगळी.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि पावसाळ्यात गढूळपणामुळे त्याचं प्रमाण वाढू शकतं. दुकानात "अँटी-क्लोरीन" म्हणून मिळणारे पांढरे खडे म्हणजे हायपो, सोडियम थायोसल्फेट. २०० लिटरच्या ड्रमला २ ग्रॅम भरपूर होतात. विरघळवून टाका, ढवळा, दहा मिनिटं थांबा.

बोअरमध्ये क्लोरीन नसतो, पण आपल्या भागात ते बहुधा जड असतं आणि जमिनीतून येताना त्यात ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. ड्रममध्ये हवेचा दगड (एअर पंपाला जोडायचा, बुडबुडे सोडणारा) लावून रात्रभर ठेवा. जडपणाचं गोरामीला फारसं वावडं नाही. पीएच (पाण्याच्या आम्लतेचा आकडा) ६.५ ते ८ यात तो आरामात राहतो. आज नळ, उद्या बोअर, परवा टँकर अशी धरसोड मात्र करू नका. पीएच ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग साधारण दहापट होतो.

९. पाणी किती आणि कधी बदलायचं?

दर आठवड्याला ३० ते ४० टक्के, म्हणजे ३०० लिटरच्या आसपास. मोजमाप नायट्रेटचं ठेवा. बदलायच्या दिवशी तो लिटरला ४० मिलिग्रॅमच्या वर निघत असेल तर पाणी वाढवा किंवा खाणं कमी करा. तळाचा कचरा नळीने ओढून घ्या. म्हणूनच तळाला जाड वाळूचा थर घालू नये, रिकामी काच सर्वांत सोपी.

उन्हाळ्यात हे नीट लक्षात ठेवा: गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी अंग भाजेल इतकं तापतं. ते थेट पाइपने टाकीत सोडल्यामुळे मासे गेल्याच्या तक्रारी दरवर्षी येतात. पाणी पहाटे बदला किंवा आदल्या रात्री घरात ड्रम भरून ठेवा. जुन्या-नव्या पाण्यात दोन अंशांहून जास्त फरक नको. हिवाळ्यात उलट त्रास, तिथेही नियम हाच.

१०. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. मासा तगेल?

टाकीचं पाणी ३० अंशांपर्यंत असेल तर काही करू नका. ३२ च्या वर जाऊ लागलं की हालचाल करा. गोरामी स्वतः हवा घेतो, पण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि आधी फिल्टरमधले जिवाणू आणि सोबतचे मासे गुदमरतात.

नागपूरची कोरडी हवा इथे कामी येते. झाकण काढून जाळी लावा आणि पाण्यावर तिरका टेबल फॅन सोडा. बाष्पीभवनाने दोन ते चार अंश उतरतात. कूलरच्या खोलीत हवा दमट असल्याने फॅनचा परिणाम कमी होतो, पण खोलीच थंड असल्याने एकूण गणित जमतं. मात्र दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला तर दोन्हीकडून नुकसान. फॅनमुळे रोज दहा लिटरच्या आसपास पाणी उडतं. ती भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, कारण क्षार मागेच राहतात.

बर्फाच्या बाटल्यांबद्दल: एक लिटर गोठवलेल्या बाटलीने ८५० लिटर पाणी जेमतेम ०.१ अंश उतरतं. मनाचं समाधान, बाकी काही नाही. या दिवसांत खाणं निम्म्यावर आणा.

११. हिवाळ्यात हीटर लागतोच का?

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा घरातली टाकी १८-१९ अंशांवर येऊ शकते. गोरामी लगेच मरत नाही, पण खाणं सोडतो आणि मग पांढरे ठिपके येतात (प्रश्न १७). ३०० वॅटचे दोन हीटर लावा, २५-२६ अंशांवर. एकच मोठा नको. तो चालूच अडकला तर मासा उकडेल. हीटर सम्पमध्ये ठेवा, कारण टाकीतला काचेचा हीटर मोठा गोरामी शेपटीच्या एका फटक्यात फोडतो.

विजेबद्दल इथेच: प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये जाणार नाही. अर्थिंग तपासून घ्या आणि त्या लाइनवर आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) बसवा. हात घालण्याआधी हीटर बंद करा.

१२. चार-पाच तास लाइट गेली तर?

मासा तगतो, फिल्टर बिघडतो. इन्व्हर्टरवर पंप चालत नसेल तर निदान पाच वॅटचा एअर पंप चालवा आणि त्याचा दगड सम्पमध्ये, बायो मीडियाच्या खाली ठेवा. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर असेल तर तीन-चार तासांनंतर त्यातलं पाणी कुजकं होतं. लाइट आली की ते ओतून टाका, मगच सुरू करा. पुढचे दोन दिवस खाणं देऊ नका आणि अमोनिया तपासा.

१३. खायला काय आणि किती?

हा मुख्यतः पालाखाऊ मासा आहे. जावामध्ये तळ्यातल्या गोरामीला अळूवर्गातली मोठी पानं घालायची जुनी पद्धत आहे. घरी रोजच्या खाण्याचा पाया तरंगणाऱ्या गोळ्यांचा ठेवा, आणि आठवड्यातून तीन-चार दिवस भाजी: साल काढून उकडलेले मटार, वाफवलेला पालक, काकडी, दोडका, लाल भोपळा. पिकलेल्या पेरूची फोड चालते. अळू दिलंच तर उकडूनच, कच्च्या पानाने घसा खाजतो तो आपल्याला ठाऊक आहेच. गांडूळ किंवा कोळंबी आठवड्यातून एकदा.

पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा, मोठ्याला एकदा. प्रमाण दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच, आणि आठवड्यातून एक दिवस उपवास. मोठ्या माशाला रोज वजनाच्या एक टक्का, म्हणजे दोन किलोच्या माशाला २० ग्रॅम गोळ्या खूप झाल्या. तो मालकाला ओळखतो आणि माणूस दिसला की काचेशी येऊन तोंड उघडतो. घरातला प्रत्येक जण "भुकेला आहे बिचारा" म्हणून मूठभर टाकतो आणि पाणी तिथेच बिघडतं. एकाच माणसाने खाऊ घाला.

बकऱ्याचं काळीज, चिकन, जिवंत मासे नकोत. चरबी यकृतात साठते आणि जिवंत माशांसोबत रोग येतात. संत्र्याचं विचारणारेही आहेत, नागपूरच ते! गरज नाही. सालीतलं तेल तर पाण्यात जाऊच देऊ नका.

१४. सोबत कोणते मासे ठेवता येतील?

तोंडात मावतील ते नकोत, अंगावर येतील तेही नकोत. सिल्व्हर डॉलर आणि टिनफॉइल बार्ब यांचं बहुधा जमतं, तेही मोठ्या टाकीत. सकर (काच चाटणारा तळाचा मासा) ठेवायचा असेल तर लक्षात असू द्या, तोही फुटापेक्षा मोठा होतो आणि भुकेला सकर रात्री गोरामीच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. फ्लॉवरहॉर्न नको. गप्पी, टेट्रा हे जेवण समजा.

१५. जोडी म्हणून दोन गोरामी ठेवले तर?

लहानपणी गुण्यागोविंदाने राहतात, आठ-दहा इंचांचे झाले की भांडणं सुरू होतात. एक मासा कोपऱ्यात, पर फाटलेले, अंग काळवंडलेलं, असं दिसलं की त्याच दिवशी वेगळं करा. सहा फुटी टाकीत एकच ठेवा.

नर-मादी पिल्लांत ओळखता येत नाही. मोठेपणी नराच्या पाठीवरच्या आणि पोटाखालच्या पराचं मागचं टोक टोकदार, मादीचं गोलसर. अंडी घालण्यासाठी ते पानं-काड्यांचं घरटं बांधतात, तेही तीन-चार वर्षांचे झाल्यावर आणि तळ्यात. घरच्या टाकीत त्याची आशा धरू नका.

१६. डोक्यावर बारीक खड्डे पडलेत, कडेच्या रेषेवरही. औषध कोणतं?

आधी बादली, मग औषध. हे खड्डे बहुतेक वेळा जुनाट पाणी, वाढलेला नायट्रेट आणि एकसुरी खाणं यांतून येतात. दिवसाआड ३० टक्के पाणी बदला, खाण्यात पालेभाजी आणा (प्रश्न १३), आणि पाणी गाळायला फिल्टरमध्ये कोळसा घातला असेल तर तो काही दिवस काढून बघा. सहा-आठ आठवड्यांत कडा भरू लागतात. खोल खड्ड्यांचे व्रण राहतात. खड्ड्यांतून पांढरे धागे लोंबत असतील आणि विष्ठाही पांढरी असेल, तर आतला परजीवी असू शकतो. तेव्हा मत्स्यरोग जाणणाऱ्या पशुवैद्यकाला दाखवा. दुकानातली माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकू नका, ती आधी फिल्टर मारते.

१७. अंगावर साखरेच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके?

हा परजीवी थंडीत आणि नवीन मासा आणल्यावर हमखास येतो. तापमान दिवसाला एक-दोन अंश करत ३० पर्यंत न्या, हवेचा दगड लावा. जाडं मीठ लिटरला २ ग्रॅम, म्हणजे १.७ किलो, तीन भाग करून २४ तासांत विरघळवून टाका. ठिपके तीन-चार दिवसांत गळतात तेव्हा लोक थांबतात, आणि इथेच चुकतात. गळलेला परजीवी तळाला वाढून पुन्हा चढतो. एकूण १४ दिवस पूर्ण करा. पाणी बदललं की तेवढ्या पाण्यापुरतंच मीठ घाला. सकर असेल तर मीठ निम्मं, किंवा त्याला आधी दुसरीकडे हलवा.

१८. मासा काचेवर धडकतो, सजावट उपटतो. वेडा झालाय का?

झाडं तो खाणारच, हलके दगड ढकलणारच. टाकीत एखादं गुळगुळीत मोठं लाकूड पुरे. धडकण्याची कारणं वेगळी असतात: एकदम लागलेला दिवा, काचेत दिसणारं स्वतःचं प्रतिबिंब, टाकीशी खेळणारी मुलं. टाकीच्या मागच्या आणि एका बाजूला गडद कागद लावा, आणि खोलीतला दिवा आधी, टाकीचा दहा मिनिटांनी लावा. नवीन जागी पहिले तीन-चार दिवस न खाता कोपऱ्यात राहणं, रंग काळपट पडणं हे होतंच. आठवडा उलटूनही तेच असेल तर पाणी तपासा.

१९. आता सांभाळणं होत नाही. फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडू का?

नको, आणि गांधीसागरातही नको. बाहेरचा मासा तिथल्या वनस्पतींवर आणि माशांवर ताण आणतो, टाकीतले रोगही सोबत नेतो. मोठी टाकी असलेला पाळणारा शोधा किंवा विक्रेत्याला परत घ्यायला सांगा. अल्बिनोला ग्राहक लवकर मिळतो, साध्याला थोडा वेळ लागतो, म्हणून मासा फुटाचा व्हायच्या आतच शोध सुरू करा.

२०. घर बदलतोय. दीड फुटी मासा कसा न्यायचा?

दोन दिवस आधी खाणं बंद. जाळी वापरू नका, लांब पर तिच्यात अडकून फाटतात. झाकणाचा मोठा प्लास्टिक क्रेट पाण्यात बुडवून माशाला आत हाका आणि पाण्यासकट दोघांनी उचला. मासा बुडेल इतकंच टाकीचं पाणी, वर क्रेटच्या निम्म्याहून जास्त हवा, झाकणाला भोकं आणि झाकणावर दोरी. उन्हाळ्यात हा प्रवास पहाटे करा. बायो मीडिया दुसऱ्या डब्यात, ओला आणि उघडा न्या. नव्या घरी आधी टाकी आणि फिल्टर चालू करा, जुनं पाणी शक्य तितकं परत वापरा, क्रेटमध्ये अर्धा तास थोडं थोडं टाकीचं पाणी घाला, मग क्रेट टाकीत आडवा करा. मासा स्वतः बाहेर येतो. त्या रात्री दिवा लावू नका आणि झाकणावर वजन ठेवा.